वाळू धरून ठेवणारी अबई



भारताला ७,५१६.६ किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे, हे वाक्य भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी पाठ केले. १९७० च्या दशकात लहान प्रमाणावरील नकाशांवरून काढलेला तो आकडा होता. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात हीच लांबी ११,०९८.८१ किलोमीटर अशी देण्यात आली. या काळात देशाचा किनारा वाढला असे नव्हे. मोजपट्टी अधिक बारीक झाली आणि पूर्वी सरळ रेषेत गणल्या गेलेल्या खाड्या व वळणे हिशेबात आली. परीक्षार्थीने दोन्ही आकडे आणि त्यांतील फरकाचे कारण ध्यानात ठेवावे. मात्र किनाऱ्याची लांबी किती, यापेक्षा तो जागेवर राहतो का, हा प्रश्न अधिक गंभीर आहे. चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह चित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा अभ्यास केला. त्यानुसार ३३.६ टक्के किनाऱ्याची धूप होत होती, २६.९ टक्के किनाऱ्यावर भर पडत होती आणि ३९.६ टक्के किनारा स्थिर होता. म्हणजे निम्म्याहून अधिक किनारा सरकता आहे.

धुपीचा विषय निघाला की चर्चा तीन गोष्टींभोवती फिरते: दगडी धूपप्रतिबंधक बंधारा, कांदळवन आणि सुरूचे बन. यांपैकी बंधारा बांधावा लागतो, कांदळवन खाडीच्या चिखलात वाढते आणि सुरू मुद्दाम लावावा लागतो. उघड्या वालुकामय पुळणीवर, भरतीरेषेच्या लगेच वर, कोणी न लावता जी वनस्पती सर्वप्रथम येते, तिचा उल्लेख या चर्चेत क्वचितच होतो. ती जमिनीसरपट पसरणारी एक वेल आहे. तिला लाकूड नाही, बाजारभाव नाही, आणि शासकीय तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही.

वनस्पतिशास्त्रात तिचे नाव ‘कॅनाव्हॅलिया रोझिया’. जुन्या भारतीय ग्रंथांत आणि शोधनिबंधांत हीच वनस्पती ‘कॅनाव्हॅलिया मॅरिटिमा’ या नावाने आढळते. दोन नावे पाहून दोन वनस्पती समजू नयेत. कुल शिंबावंत, म्हणजे तूर, हरभरा, मूग, भुईमूग यांचे. महाराष्ट्रातील परसबागांत मांडवावर चढणारी आणि जिच्या तलवारीसारख्या रुंद शेंगांची भाजी होते ती अबई याच प्रजातीतील. त्या नात्याने या व्याख्यानात तिला किनाऱ्यावरची अबई म्हणणे सोयीचे ठरेल. जगातील बहुतेक उष्ण कटिबंधीय किनाऱ्यांवर ती आहे. भारतात पश्चिम व पूर्व अशा दोन्ही किनाऱ्यांवर आणि बेटांवरही ती आढळते.

प्रजातीच्या नावाची कथा भारतीय विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे. ‘कॅनाव्हॅलिया’ हा शब्द लॅटिन वाटला तरी त्याचे मूळ मलबारातील स्थानिक नावात आहे. मलबारच्या वनस्पती आणि त्यांची देशी नावे युरोपीय विज्ञानात पोहोचण्यास एक मोठा ग्रंथ कारणीभूत झाला. कोचीन येथील डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने सिद्ध करविलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील माहिती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याने आणि रंगा भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी पुरविली होती. कोकणी वैद्यांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेले आहे. ग्रंथ लॅटिनमध्ये असल्याने तो ज्यांच्या ज्ञानावर उभा राहिला त्यांच्या वारसांना तीन शतके वाचता आला नाही. के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके खपून केलेला इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला, त्यानंतर मल्याळम अनुवादही आला. पारंपरिक ज्ञानाचे श्रेय हा आज जैवविविधता कायद्यातील कळीचा विषय आहे. त्याचे इतके जुने आणि इतके स्पष्ट उदाहरण दुसरे शोधावे लागेल.

आता वेलीकडे वळू. तिचे खोड सहा मीटरांहूनही अधिक लांब पसरते. पान संयुक्त, तीन पर्णिकांचे. पर्णिका जाडसर, गोलाकार. भर दुपारी वाळू तापली की या पर्णिका उभ्या मिटतात, त्यामुळे सूर्यकिरण त्यांच्या कडेवर पडतात आणि पाण्याचे बाष्पीभवन कमी होते. फुले गुलाबी-जांभळी आणि उलटी असतात. वाटाण्याच्या फुलात जी ध्वजक पाकळी वर असते, ती येथे खाली असते आणि फुलावर येणाऱ्या मोठ्या काळ्या भुंग्यांना उतरण्यासाठी फळीसारखी उपयोगी पडते. शेंग जाड, साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब; बिया तपकिरी, ठिपकेदार आणि अतिशय कठीण.

ही कठीण बी समुद्राच्या पाण्यावर तरंगते आणि खारे पाणी आत शिरू देत नाही. प्रवाहाबरोबर महिनोन्महिने वाहत जाऊन परक्या किनाऱ्यावर लागल्यावरही ती रुजू शकते. कवच झिजल्याशिवाय तिच्यात पाणी शिरत नाही, आणि लाटांसोबत वाळूवर घासले जाणे हे त्या झिजण्याचे नैसर्गिक साधन. ज्या समुद्रापासून ही वेल किनारा राखते, तोच तिचा प्रसारक आहे.

वाळूची टेकडी कशी तयार होते, हे समजल्याशिवाय या वेलीचे महत्त्व कळणार नाही. ओहोटीच्या वेळी पुळणीची वाळू सुकते. साधारणतः ताशी वीस किलोमीटरच्या पुढे वारा गेला की कोरडे कण उड्या घेत जमिनीकडे सरकू लागतात. वाटेत काही अडथळा नसेल तर ही वाळू रस्त्यावर, शेतात, विहिरीत जाऊन पडते आणि पुळणीला कायमची मुकते. वेलीच्या पानांच्या जाळीत मात्र जमिनीलगतचा वारा मंदावतो आणि कण तेथेच खाली बसतात. थोड्या दिवसांत वेल अर्धी गाडली जाते. दुसरी वनस्पती येथे मरते. ही वेल गाडल्या गेलेल्या प्रत्येक पेरातून मुळे सोडते आणि शेंडा वर काढते. पुन्हा वाळू, पुन्हा नवी मुळे. अशा रीतीने टेकडी आणि वेल एकमेकींच्या आधाराने चढत जातात. टेकडीच्या पोटात जुन्या खोडांची व मुळांची वीण राहते, म्हणून ती निव्वळ वाळूच्या ढिगापेक्षा घट्ट असते.

पश्चिम किनाऱ्यावर या कामाचे वार्षिक चक्र स्पष्ट दिसते. जून ते सप्टेंबर या काळात पावसाळी लाटा टेकडीचा पुढचा भाग कापतात आणि ती वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साठवतात. तेथे लाटा आधीच फुटतात, म्हणजे टेकडीने दिलेली वाळूच पुढच्या लाटांचा जोर कमी करते. ऑक्टोबरनंतर शांत लाटा ती वाळू हळूहळू परत आणतात आणि वेल पुन्हा समुद्राच्या दिशेने पसरते. टेकडी ही अशी वाळूची ठेव आहे. संकटात खर्चायची, सुकाळात भरायची. दगडी बंधाऱ्यात ही देवघेव बंद पडते. बंधाऱ्यावर आदळून परतणारी लाट पायथ्याची वाळू खरवडते आणि बंधारा जेथे संपतो त्याच्या पलीकडे धूप वाढते. मग पलीकडच्या गावालाही बंधारा हवा असतो. केरळच्या किनाऱ्याचा मोठा भाग अशा दगडी भिंतींच्या मागे गेला आहे.

किनाऱ्यावरच्या अबईसोबत बहुधा मर्यादवेल असते. आपट्याच्या पानासारखे दुभंगलेले पान आणि घंटेसारखी जांभळट फुले असलेली ही वेल रताळ्याच्या कुलातील आहे, शिंबावंत नव्हे. मराठी नाव किती अर्थपूर्ण आहे पाहा! समुद्राने येथवरच यावे, अशी मर्यादा जिथे आहे तिथे ती वाढते. भरतीरेषा ठरविण्यासाठी आज उपग्रह चित्रे आणि तज्ज्ञ संस्था लागतात. किनाऱ्यावरील माणसे ती रेषा एका वेलीवरून ओळखत आली.

दोन वेलींपैकी अबईकडे एक जादा काम आहे. पुळणीच्या वाळूत नत्र जवळजवळ नसते, आणि असलेले पावसाने धुऊन जाते. अबईच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम गटातील जीवाणू हवेतील नत्र वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणतात. जीवाणूंतील नायट्रोजिनेज हे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य ऑक्सिजनचे प्रमाण आवरून धरते. ताजी गाठ कापली असता आतून गुलाबी दिसते ती यामुळे. वेलीची पाने गळून कुजली की हे नत्र वाळूत मिसळते. त्यानंतर गवते येतात, मागून झुडपे, आणि सर्वांत मागे उंडी, केवडा यांसारखी झाडे. वनस्पतिशास्त्रात याला अनुक्रमण म्हणतात. पुढची वेल गेली तर मागच्या सर्वांची पाळी येते, हे मात्र पाठ्यपुस्तकातील आकृतीवरून चटकन ध्यानात येत नाही.

इतकी पौष्टिक वनस्पती गुरांनी आणि किड्यांनी खाऊन संपवली कशी नाही? अबईच्या प्रजातीत कॅनाव्हॅनीन नावाचे अमिनो आम्ल असते. ते प्रथम १९२९ मध्ये या प्रजातीतीलच जॅक बीन या लागवडीखालील शेंगवर्गीय पिकात सापडले. रचनेत ते आर्जिनीनसारखे आहे. कीटकाच्या शरीरात आर्जिनीनच्या जागी ते बसते आणि तयार होणारी प्रथिने सदोष निघतात. याच जॅक बीनने विज्ञानाला आणखी मोठी देणगी दिली. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये त्यातून युरिएज हे विकर स्फटिकरूपात वेगळे केले आणि विकरे ही प्रथिने असतात, हे दाखवून दिले. ते अनेकांना पटण्यास वर्षे लागली. १९४६ मध्ये समनर यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शेतात टाकलेला युरिया फोडून त्याचा अमोनिया करणारे विकर तेच.

किनाऱ्यावरच्या अबईच्या बियांचा अभ्यास मंगळूर विद्यापीठातील संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात केला. बियांत प्रथिनांचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे तूर व हरभऱ्यापेक्षा अधिक आढळले. तथापि कच्च्या बियांत रक्तपेशींच्या गुठळ्या करणारी लेक्टिने असतात. शिजवल्याने किंवा भाजल्याने त्यांचा प्रभाव उतरतो. काही किनारी वस्त्यांत कोवळ्या शेंगा व बिया खाल्ल्या जातात, त्या योग्य प्रक्रियेनंतर. ‘उपेक्षित पौष्टिक अन्न’ म्हणून तिची जाहिरात करण्याची घाई करू नये हेच बरे. विषारी द्रव्यांचा प्रश्न आहेच, शिवाय टेकडीवरील बी वेचून विकण्याचा धंदा सुरू झाला तर वेलीचे मूळ कामच बंद पडेल.

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने किनाऱ्यावरील वनस्पतींचा प्रश्न राष्ट्रीय धोरणात आणला. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सागरी किनारा नियमनाचा फेरविचार करणारा अहवाल २००५ मध्ये सादर केला आणि ‘जैवकवच’ हा शब्द सर्वांच्या तोंडी आला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तमिळनाडूच्या किनाऱ्याची पाहणी केली तेव्हा वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरील वनस्पती शाबूत असलेल्या ठिकाणी मागील भागाला संरक्षण मिळाल्याचे दिसून आले. टेकड्या सपाट केलेल्या जागी पाणी थेट आत शिरले होते.

यावर प्रत्यक्षात जे झाले त्यात सुरूची लागवड प्रमुख होती. सुरू मुख्य भूमीचा मूळ रहिवासी नव्हे. एकोणिसाव्या शतकात सरपणासाठी त्याची लागवड येथे सुरू झाली. तो लवकर वाढतो, जळण व वासे देतो, वारा अडवतो. तोही नत्र स्थिर करतो, पण रायझोबियमच्या नव्हे तर फ्रँकिया या जीवाणूच्या साहाय्याने. हा फरक परीक्षेत विचारण्याजोगा आहे. किनाऱ्यावरील गरीब कुटुंबांना सुरूचा आधार आहे, त्यामुळे त्याला सरसकट खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. चूक झाडात नाही, जागेत आहे. तमिळनाडूत काही ठिकाणी ही लागवड भरतीरेषेच्या अगदी जवळ आली. सुरूच्या दाट सावलीत आणि गळालेल्या काड्यांच्या थरात सरपटणाऱ्या वेली तग धरत नाहीत. ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीला अंडी घालण्यासाठी मोकळी पुळण लागते. पिलांचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते, आणि सावलीने ते तापमानही बदलते. लावलेल्या रोपांची संख्या अहवालात येते. त्यांच्याखाली नाहीशी झालेली वेल कोणी मोजलेली नसते.

कायद्याची स्थिती पाहू. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये सागरी किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ रोजी निघाली, दुसरी २०११ मध्ये आणि तिसरी १८ जानेवारी २०१९ रोजी. २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या, कांदळवने, प्रवाळ आणि कासवांच्या विणीच्या जागा यांचा सर्वाधिक संरक्षित अशा ‘एक-अ’ वर्गात समावेश आहे. त्याच अधिसूचनेने ग्रामीण भागातील, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकसंख्या असलेल्या क्षेत्रात विकासबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून ५० मीटरवर आणला. इतरत्र तो २०० मीटर राहिला. पुळणीवर तात्पुरत्या पर्यटन सुविधांना भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतर राखून मुभा देण्यात आली. पहिल्या टेकडीची जागा बहुधा याच मीटरांत असते. कायदा टेकडी या भूरूपाला संरक्षण देतो, परंतु टेकडी ही वेल करते. वेल उपटली, त्या जागी खुर्च्या मांडल्या, यंत्राने वाळू विंचरली, तर टेकडी एका दिवसात जात नाही. दोन-तीन पावसाळ्यांत जाते, आणि तेव्हा येथे संरक्षित टेकडी होती हे सिद्ध करणे अवघड होते. कांदळवनांसाठी ५ जून २०२३ रोजी ‘मिष्टी’ हा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, ही समाधानाची बाब आहे. वालुकामय किनाऱ्याच्या वाट्याला अशी दृष्टी अजून यायची आहे.

वेलीकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नयेत. बंदराच्या लाटरोधक भिंतीने किनाऱ्यालगत वाहणारी वाळू अडविली, किंवा नदीवरील धरणांनी गाळ रोखला, तर पुळणीला वाळूच मिळत नाही. नसलेली वाळू कोणतीही वेल धरू शकत नाही. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे काम झाल्यावर उत्तरेकडील पुळण नाहीशी झाली, त्यामागे हेच कारण होते. त्सुनामीची मोठी लाटही वेलीने थांबत नाही. ती रोजचा वारा आणि दर वर्षीचा पावसाळा यांच्याशी झुंजते. किनाऱ्याचे बहुतेक नुकसान मात्र याच रोजच्या कामात हयगय झाल्याने होते.

या कुटुंबातील आणखी एका वेलीचा उल्लेख आवश्यक आहे. पिवळ्या फुलांची ‘व्हिग्ना मरीना’ ही मूग, उडीद, चवळी यांच्या प्रजातीतील रानटी वेल अंदमान-निकोबारसह उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर वाढते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे तुषार अंगावर घेऊन ती जगते, म्हणून क्षार सहन करण्याच्या तिच्या गुणाचा अभ्यास देशोदेशी होत आहे. भारतात सुमारे ६७.३ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित मानली जाते आणि कडधान्यांची पिके क्षारांना विशेष नाजूक आहेत. अंदमानात २००४ च्या भूकंपाने जमीन खचून भातशेतीत समुद्राचे पाणी शिरले, तेव्हा खारेपणाचा अर्थ शेतकऱ्यांना प्रत्यक्ष कळला. तेथील पुळणीवरची रानवेल पुढील काळात मुगाच्या वाणाला आपले जनुक देऊ शकेल. परंतु त्यासाठी ती पुळणीवर असली पाहिजे. बीजपेढीत ठेवलेले बी जपले जाते. समुद्र, जीवाणू आणि वाळू यांच्या सान्निध्यात बदलत राहणे तेथे थांबते.

करण्याजोगे बरेच आहे आणि त्याला मोठा खर्च नाही. पुळणीची स्वच्छता भरतीरेषेच्या खाली यंत्राने आणि वर हाताने करावी. टेकडी ओलांडण्यासाठी एकच लाकडी पायवाट ठेवली, तर दहा ठिकाणी तुडवली जाणारी वेल वाचते. उघड्या पडलेल्या जागी पावसाच्या सुरुवातीला स्थानिक वेलींची पेरे असलेली खोडे लावता येतात. बी लावायचे तर कवच थोडे घासून घ्यावे लागते. सुरू टेकडीच्या मागे लावावा. कुंपण घालण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे, कारण हीच जागा मच्छीमारांची होड्या ओढून ठेवण्याची आणि जाळी वाळविण्याची आहे. कोणत्या जागी होड्या आणि कोणत्या जागी वेल, हे त्यांच्याशी बोलूनच ठरेल, आणि बहुतेक वस्त्यांत ते पूर्वीपासून ठरलेलेही असते.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. किनारी गावांच्या नोंदवह्यांत किनाऱ्यावरची अबई, मर्यादवेल आणि त्यांच्या सोबतिणी कोठून कोठवर पसरल्या आहेत, याची नोंद पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर अशी वर्षातून दोनदा घेता येईल. त्याला उपग्रह लागत नाही. एक दोरी, काही खुंट्या आणि शाळेतील मुले पुरेशी आहेत. पाच वर्षांच्या अशा नोंदी हाती असतील, तर टेकडी होती की नव्हती या वादात गावाकडे स्वतःचा पुरावा असेल.